बावखलाला मिस्ड कॉल

आधी चहा घ्या, मग सांगतो. आणि एक अट आहे, मध्येच हसायचं नाही. शेवटी हसा, पोट धरून हसा, माझी काही हरकत नाही. पण मध्ये हसलात की मला राग येतो, आणि रागाच्या भरात मी काय करून बसतो ते या गोष्टीतच आहे!

तर काय झालं, आमच्या तन्वीचं लग्न ठरलं. मुलगा विरारचा, मनवेलपाड्याचा. लग्न मात्र इकडे वसईत गासलाच, आमच्या वाडीत, घरासमोर मांडव घालून. हॉल नको असं पोरीचंच म्हणणं. मी मनातून खूश! म्हटलं, बापाच्या वाडीची किंमत आहे पोरीला.

आणि आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे सुलभाच्या, डोक्यात एकच होतं. आत्याचे धवले.

आता सुलभाची आत्या म्हणजे कोण, ते आधी ऐका. चांगुणाआत्या. खाडीकडच्या गावची. पूर्वी तिकडच्या पंचक्रोशीत लग्न असलं की भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण चांगुणाबाई आल्याशिवाय हळद लागायची नाही. ती धवलारीण. हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना, पाठवणी करताना, प्रत्येक वेळेचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणतात. कुठे लिहिलेले नाहीत हो, सगळे तोंडपाठ. सुलभाची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं या आत्यानं. आमच्या लग्नात पाठवणीचा धवला म्हणताना ही बाई अशी रडली, की मी नवरदेव असून मलाच वाटलं, जाऊ दे, नको नेऊया हिला!

पण आता आत्याबाईंचं वय झालं. श्वास पुरत नाही. त्यात हळदीला स्पीकर दणदणतो, त्यात म्हातारीचा आवाज कोणाला ऐकू येणार? म्हणून सुलभानं ठरवलं, आत्याला महिनाभर घरी आणायचं, रोज थोडे थोडे धवले गाऊन घ्यायचे, आपल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे, आणि लग्नात तेच स्पीकरवर लावायचे.

तन्वी म्हणाली, "मम्मी, मोबाईलवर कर ना."

सुलभा म्हणाली, "मोबाईलवर आवाज पत्र्याचा येतो. कॉम्प्युटरला तो चांगला माइक आहे, लॉकडाऊनमध्ये तू क्लास घ्यायचीस तो. आत्याचा आवाज चांगलाच पाहिजे."

मी लगेच छाती पुढे काढली. कॉम्प्युटर म्हणजे माझं खातं! रिटायर होईपर्यंत आमच्या अख्ख्या ऑफिसात प्रिंटर अडकला की हाक कोणाला? नंदूभाऊंना. मी म्हटलं, "तुम्ही फक्त गायचं बघा. टेक्निकल माझ्यावर सोडा."

इथे पहिली चूक. लक्षात ठेवा.

सुलभानं मला आणखी एक काम दिलं. म्हणाली, "अहो, रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही घरात थांबू नका."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही खोकता. आणि मध्येमध्ये 'वा, वा' करता."

म्हणजे बघा, दाद देणं हासुद्धा गुन्हा! पण आत्याबाईंसाठी मी ऐकलं. दुपारची झोप झाली, चहा झाला, की त्या माइकसमोर बसायच्या आणि मी निमूट चपला घालून नाक्यावरच्या टपरीवर जायचो.

पहिल्याच दिवशी तासाभरानं घरी आलो, तर दोघी तोंड पाडून बसलेल्या.

"बंद पडला," सुलभा म्हणाली.

"कोण?"

"कॉम्प्युटर. आत्या रंगात आली होती, आणि पटकन स्क्रीन काळी. सगळं गाणं गेलं."

मी बटण दाबलं. झाला चालू! अगदी शहाण्या मुलासारखा. म्हटलं, "होतं कधीकधी. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आत्याबाई निम्म्या धवल्यात आल्या की हा पठ्ठ्या डोळे मिटणार. आणि मी घरी येऊन बसलो की रात्रीपर्यंत मजेत चालणार. सांगा आता, काय समजायचं माणसानं?

आत्याबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. म्हणाल्या, "सुलू, तुज्या यंत्राला माजा गाना आवडत नाय."

"असं काय गं आत्या?"

"मग काय? जावयाचा आवाज आयकला की चालते, माजा आयकला की मरते. आन् धवला आसा आर्धा टाकू नये गं. नवरीचा काम आर्धा राहते."

हे शेवटचं वाक्य सुलभाच्या काळजाला लागलं. मला दिसलं ते. तिनं नुसता पदर सारखा केला. तेव्हा मी ठरवलं, आता या कॉम्प्युटरचा छडा लावायचाच.

आधी मला सापडलं कव्हर. आमच्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, तसं त्या कॉम्प्युटरच्या डब्यालाही सुलभानं फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं. मी ओरडलो, "हे बघ! श्वास कोंडतोय त्याचा! तापतो आणि बंद पडतो!" कव्हर फेकलं. डबा उघडला. आत एवढी धूळ, की त्यात मेथी पेरली असती तरी उगवली असती. पंखा पुसला, ब्रश मारला, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली. सुलभा कौतुकानं बघत होती. मी घाम पुसत म्हटलं, "आता बघ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मग मी प्लग बदलला. मग वायर बदलली. मग आतला तो पॉवर सप्लायचा डबा नवा आणून बसवला. दुकानदारानं विचारलं, "काका, यूपीएस आहे ना?" म्हटलं, आहे की! होताच तो टेबलाखाली. त्याची बॅटरी कधीच मेली होती आणि त्याच्यावर आम्ही मनी प्लांटची बाटली ठेवली होती, पण हे त्याला कशाला सांगू?

तरी बंद!

तेव्हा माझी नजर गेली कुंपणापलीकडे. पास्कलच्या घराकडे.

पास्कल माझा शेजारी. आमच्या दोघांच्या वाड्या लागून. लहानपणी दोघांनी मिळून एकाच झाडाचे जाम चोरलेत. तर या पास्कलनं दिवाळीनंतर नवीन एसी बसवला होता. दुपारी जेवला की एसी लावून झोपायचा तो पार संध्याकाळच्या चहाला उठायचा. झालं! मला गुन्हेगार सापडला. एसी सुरू झाला की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की माझा कॉम्प्युटर मरतो. साधा हिशेब!

गेलो तावातावानं.

"पास्कल, तुझा एसी बंद कर."

"का रे नंदू? तुला थंडी वाजते?"

"थट्टा नको. तुझ्या एसीपायी माझा कॉम्प्युटर बंद पडतो. घरात लग्न आहे, म्हातारी बाई गाते आहे, आणि तू इकडे गारेगार झोपतोस!"

"अरे, माझा एसी माझ्या मीटरवर. तुझा कॉम्प्युटर तुझ्या मीटरवर."

"ट्रान्सफॉर्मर एकच आहे!" मी असा ओरडलो, की त्याची बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

पास्कलनं बायकोला आत जायची खूण केली. मग म्हणाला, "बरं बाबा. पोरीच्या लग्नापर्यंत दुपारी नाही लावत. जा."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही!

त्या दिवशी तन्वीनं सुट्टी घेतलेली. ती आत्याबाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. मी घाईघाईत टपरीवर गेलो, जाताना मोबाईलसुद्धा चार्जिंगला घरीच विसरलो, आणि मित्रांना पास्कलला कसं सरळ केलं ते रंगवून सांगत बसलो. परत आलो तर दारातच थबकलो. आतून आत्याबाईंचा आवाज येत होता. पाठवणीचा धवला. आमच्या लग्नातला. म्हातारी तन्वीकडे बघत गात होती, तिचा हात हातात घेऊन. सुलभा माइकच्या मागे उभी, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. आवाज होऊ नये म्हणून हुंदकासुद्धा गिळत होती बिचारी. मी दाराबाहेर उभा राहिलो. खोकलो नाही. 'वा' म्हटलं नाही. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

गाणं पुरं झालं. पुरं रेकॉर्ड झालं! सुलभानं ते सेव्ह केलं, दोनदा लावून ऐकलं. आत्याबाई म्हणाल्या, "झाला गं बाय. ह्या एक झाला ना, आता बाकी काय नाय झाला तरी चालेल."

मी म्हटलं, "बघितलंत? एसी!"

आणि दुसऱ्या दिवशी, सुट्टी संपवून तन्वी कामावर, मी मोबाईल खिशात घालून टपरीवर, आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद.

तुमच्या लक्षात आलं ना? आलं असणारच. बाहेरच्या माणसाच्या लगेच लक्षात येतं. ज्याचं डोकं त्याला मात्र उशिरा कळतं!

मी पुन्हा पास्कलच्या दारात. "लावलास ना एसी?"

"नाही रे बाबा."

"शपथ घे."

आता सांगा, साठी उलटलेल्या माणसाला दारात उभं करून शपथ घ्यायला लावतात? दार लोटून घेतलं पास्कलनं. त्याच्या आधी आमच्या दोन वाड्यांमध्ये दार लोटल्याचं मला आठवत नाही.

एसी नाही, म्हणजे उरलं काय? व्हायरस! मला खात्रीच पटली. सुलभा म्हणाली, "अहो, थांबा ना. तन्वीला विचारू." पण मला कुठला धीर? तन्वी घरी यायच्या आत मी तो डबा रिक्षात घातला आणि नालासोपाऱ्याला दुकानात नेला. दुकानातला मुलगा कानात इअरफोन घालून बसलेला. एक कान मोकळा करून म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

"मार."

"बॅकअप घेऊ?"

आता इथे क्षणभर थांबतो. चहा गार होतोय, प्या.

त्यानं विचारलं होतं. स्वच्छ विचारलं होतं. आणि मला एवढंच म्हणायचं होतं, की थांब बाळा, घरी फोन करून विचारतो. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. आणि आदल्या रविवारी तन्वी कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावून बसलेली मी बघितली होती. मला वाटलं, पोरीनं सगळं उतरवून घेतलं असणार. मी ऐटीत म्हटलं, "बॅकअप आहे. आम्ही घेतो वेळच्या वेळी."

पेन ड्राइव्हवर काय होतं? पत्रिकेसाठी काढलेले गणपतीचे फोटो!

घरी आणला, लावला, सुरू केला. नवाकोरा. सुलभानं फोल्डर शोधला. मग आणखी कुठेकुठे शोधला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आत्याचं गाणं कुठाय?"

ओरडली असती तर बरं झालं असतं हो. संसारात इतकी भांडणं झाली, पण त्या दिवशी ती भांडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि डाळ निवडत बसली. ती डाळ सकाळीच निवडून झाली होती.

तन्वी कामावरून आली, तिला कळलं. ती फक्त म्हणाली, "बाबा, एक फोन करायचा ना."

मी आत्याबाईंच्या पायाशी जाऊन बसलो. म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं. पुन्हा म्हणाल का तेवढं?"

म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाकीचं सगळं म्हनते रे. पन तो नाय. तो मना मागून येत नाय. तवा पोरीच्या डोल्यांत बघितला नि आपोआप आला. आता उगाच तोंड उघडला तर नुसते शब्द येतील."

दोन दिवस तिनं वाट पाहिली. कॉम्प्युटर नव्यानं लावला तरी बंद पडतच होता, फॉरमॅट करूनसुद्धा! तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पिशवी भरली. म्हणाल्या, "हळदीला येते. आता मना घरा सोड. माज्यापायी तुज्या घरात वाद नको."

सुलभा रडायलाच लागली. मी हात जोडले. म्हटलं, "आजचा एक दिवस. आज मी कुठे जात नाही. इथेच बसतो, या कॉम्प्युटरवर डोळा ठेवून. खोकणार नाही. काय होतं ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

पिशवी दाराशी ठेवून आत्याबाई माइकसमोर बसल्या. हळद दळायचा धवला सुरू झाला. मी पलंगावर, पोलीस बसतो तसा. कॉम्प्युटर चालू. पाच ओळी झाल्या, दहा झाल्या, चालू! माझ्या जिवात जीव आला. आणि एवढ्यात मला आठवलं, अरे, केळींना पाणी!

आता ही भानगड तुम्हाला सांगायची राहिली. आमच्या वाडीच्या टोकाला बावखल आहे. आमच्या वसईकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं ते, वाडवडिलांनी खणलेलं. त्याच्यावर पंप. पूर्वी मी सकाळी उठून चिखल तुडवत जायचो आणि बटण दाबून पंप लावायचो. दिवाळीनंतर मी त्याला मोबाईलचा स्टार्टर बसवला. पंपात सिमकार्ड! कुठूनही मिस्ड कॉल द्या, पंप सुरू. पुन्हा द्या, बंद. माझ्या मोबाईलमध्ये तो नंबर 'बावखल' या नावानं सेव्ह. आणि खरं सांगू का, पाणी सकाळीच द्यायचं असतं. पण सकाळी मिस्ड कॉल दिला तर तो बघायला कोण असतं? म्हणून मी दुपारी टपरीवर बसून, चार लोकांसमोर, "बघा हां, इथे बसून गासच्या वाडीत पाणी सोडतो" असं म्हणून द्यायचो! रोज! लोक माना डोलवायचे, मला बरं वाटायचं.

तर मी पलंगावर बसल्या बसल्या, आवाज न करता, मांडीआड मोबाईल धरून बावखलाला मिस्ड कॉल दिला.

फट्! स्क्रीन काळी.

आत्याबाईंचा आवाज थांबला. सुलभानं कॉम्प्युटरकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे.

"काय केलंत?"

"काही नाही. पाणी सोडलं जरा."

"कसं सोडलंत?"

"मिस्ड कॉल दिला."

"आणि रोज टपरीवर जाऊन काय करता?"

मी म्हटलं, "हॅ! पंपाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? पंप कुठे, कॉम्प्युटर कुठे! थांब, तुला दाखवतो." तिनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि मी सगळ्यांसमोर बावखलाला दुसरा कॉल दिला. काही झालं नाही! मी उडीच मारली. "बघितलंस? योगायोग!"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "जावय, ह्या कॉलानं पंप चालू झाला का बंद झाला?"

मी बोटांवर मोजलं. बंद झाला होता.

"परत लाव."

लावला. फट्!

आता तुम्ही विचाराल, पंपाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध. संबंध मीच जोडला होता! पंपासाठी वेगळं कनेक्शन घ्यायचा कंटाळा, म्हणून मागच्या खोलीच्या बोर्डातून मी स्वतः वायर ओढून पंपाला दिली होती. आणि त्याच बोर्डावर कॉम्प्युटर. पंप धक्का मारून सुरू झाला, की त्या खोलीतलं व्होल्टेज जेमतेम डोळा मिचकावण्यापुरतं पडायचं. बल्ब नुसता लुकलुकायचा, भर दुपारी बल्ब बघतो कोण? पण कॉम्प्युटरला तेवढं पुरत होतं. मनी प्लांटवाला यूपीएस काय त्याला वाचवणार!

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना? माझा कळसा शर्टाच्या खिशात होता, व्हायब्रेटवर!

आत्याबाई एवढ्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. पिशवी परत आत गेली. सुलभाही हसली, पण मध्येच थांबली आणि म्हणाली, "मग फॉरमॅट कशाला केलंत हो?" मी यूपीएसवरची मनी प्लांटची बाटली उचलून खिडकीत ठेवली.

संध्याकाळी पास्कलकडे गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हटलं, "माफ कर रे. तुला एवढ्या दुपारी उकाड्यात काढायला लावल्या."

पास्कल म्हणाला, "कसला उकाडा? मी एसी एक दिवससुद्धा बंद केला नाही."

"अरे! तू तर म्हणालास..."

"तुझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. फादर सांगतात, शेजाऱ्यावर प्रेम करा. एसी बंद करा असं नाही सांगत." मग म्हणाला, "पण दारात शपथ मागितलीस ते मला लागलं, नंदू." आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. दोघांनी चहा घेतला.

पुढचे दिवस पंप सकाळी, हातानं. बाकीचे धवले आत्याबाईंनी सगळे गायले, एकही अर्धा राहिला नाही. तन्वीनं ते चार ठिकाणी उतरवून ठेवले. पाठवणीचा तेवढा राहिला. त्याच्या नावाचा एक रिकामा फोल्डर सुलभानं तसाच ठेवला. मी कधी कॉम्प्युटरला बसलो की तो दिसायचा, आणि मी बघितलं न बघितल्यासारखं करायचो.

मग लग्न. मांडव भरलेला. हळदीला स्पीकरवर आत्याबाईंचे धवले वाजले, म्हाताऱ्या बायका चमकून बघायला लागल्या, त्यांनी मागून सूर धरला. सुलभाचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, चला, आपला गुन्हा माफ झाला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीची वेळ आली. स्पीकरवाल्यानं सवयीप्रमाणे कसलंतरी रडकं सिनेमातलं गाणं मोठ्यानं लावलं. तन्वी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकली. म्हातारी खुर्चीत बसलेली, तिनं पोरीची हनुवटी धरून वर केली, डोळ्यांत बघितलं, आणि मी शेजारीच उभा, मला दिसलं, तिचे ओठ हलताहेत. तिला तो आला! न मागता आला! पण त्या स्पीकरच्या गदारोळात एक अक्षर ऐकू येईना. फोटोवाले फुलांनी सजवलेल्या गाडीचे फोटो काढायला फाटकाशी गेलेले. सुलभा माझ्याकडे बघून कळवळून म्हणाली, "अहो, मोबाईल! रेकॉर्ड करा! लवकर!"

डोळ्यांत पाणी, चष्म्यावर धुकं. मोबाईल काढला. देवाची शपथ, मी रेकॉर्डचं बटण दाबायलाच गेलो होतो. सकाळी पंप लावायला विसरलो होतो, त्याची चुटपुट मनात होती, की हाताला सवय, की नशीब, कोण जाणे. काहीतरी दाबलं गेलं. म्हटलं, झालं सुरू. मोबाईल आत्याबाईंच्या तोंडासमोर धरला.

फट्!

स्पीकर बंद. कारण त्याची वायर स्पीकरवाल्याला कुठून दिली होती? मागच्या खोलीच्या त्याच बोर्डातून! कोणी दिली होती? आता विचारू नका.

अख्ख्या मांडवात शांतता झाली. आणि त्या शांततेत आत्याबाईंचा आवाज, कातर, बारीक, पण पार फाटकापर्यंत पोचणारा. सगळे उभे राहिले. पास्कलची बायको रडत होती, व्याही रडत होते, स्पीकरवाला हातात प्लग धरून रडत होता. सुलभानं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी मोबाईल हलू न देता, दोन्ही हातांनी, शेवटच्या शब्दापर्यंत धरून ठेवला. म्हटलं, सुलभा, तो रिकामा फोल्डर आज भरतो.

धवला संपला. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, माझ्या हातातल्या मोबाईलवर काय लिहिलंय ते जवळ घेऊन बघितलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"जावय, आता पानी बंद कर. केळी बुडतील."